28 विकला

मार्चमधली बुधवारची रात्र. पावणेबाराला बाबांना फोन लावला. "बाबा, ग्रह सापडलाय बहुतेक." 'बहुतेक' म्हणाले होते मी, पण माझ्या आवाजात तो 'बहुतेक' नव्हता. पलीकडून बाबांनी आईला हाक मारून उठवल्याचं ऐकू आलं.

मी टेस या नासाच्या अंतराळ दुर्बिणीच्या नोंदींवर काम करते. एप्रिल 2018 मध्ये ती सोडली. तिचे चार कॅमेरे आकाशाच्या एका पट्ट्याकडे सलग 27 दिवस टक लावून बघतात, मग पुढचा पट्टा. ग्रह स्वतः दिसत नाही. तो आपल्या ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा प्रकाश किंचित घटतो आणि आलेखात एक खळगा पडतो. याला आपल्याकडे अधिक्रमण म्हणतात. 8 जून 2004 ला शुक्राचं अधिक्रमण झालं, तेव्हा बाबांनी सोलापूरच्या घराच्या गच्चीवर दुर्बिणीची एक काच झाकून दुसरीतून सूर्याचं बिंब पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडलं होतं. त्या बिंबावरून तिळाएवढा काळा ठिपका दुपारभर सरकत होता. तो ठिपका सूर्याचा जेमतेम हजारावा भाग झाकत होता, हे मला फार नंतर कळलं. या कामाकडे मी वळले ती त्या पुठ्ठ्यामुळे.

त्या रात्री माझ्यासमोर सप्तर्षीतला एक तारा होता. त्याला नाव नाही, नुसता यादीतला लांबलचक क्रमांक. 27 दिवसांच्या आलेखात 13 खळगे, दर 1.9 दिवसांनी एक. चौदावा मधल्या खंडात गेला असणार, कारण दर 13.7 दिवसांच्या फेरीत टेस पृथ्वीच्या जवळ येते, साठवलेली माहिती खाली पाठवते आणि तेवढा वेळ निरीक्षण थांबतं. तेराही खळगे एकमेकांवर ठेवले, तर 0.9 टक्के खोलीचा एकच सुरेख खळगा तयार झाला. सूर्यासारख्या ताऱ्यापुढून गुरूएवढा ग्रह गेला की साधारण असाच दिसतो. ज्याचं वर्ष दोन दिवसांतच संपतं, असा तापलेला गुरू. मी खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

सकाळी आलेख मॅडमना दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. "छान आहे. आता आज दिवसभर हा ग्रह नाहीच असं धरून काम कर. सम-विषम वेगळे काढून पाहिलेस का गं?"

नव्हते पाहिले.

दोन तारे एकमेकांभोवती फिरत असले, तर एका फेरीत दोन ग्रहणं लागतात. आधी हा त्याला झाकतो, मग तो ह्याला. दोघे सारख्याच तेजाचे असतील तर दोन्ही खळगे जवळजवळ सारखे दिसतात आणि फेरीचा काळ निम्माच वाटतो. ग्रह असेल तर पहिला, तिसरा, पाचवा आणि दुसरा, चौथा, सहावा यांच्यात फरक पडायचं काही कारण नाही. मी दोन ढीग केले. विषम खळगे 0.92 टक्के, सम 0.84.

फरक बारीक होता. मला तो नको होता, हे इथे प्रामाणिकपणे लिहायला हवं. आलेख स्वच्छ करताना चूक झाली असेल म्हणून सगळं पहिल्यापासून केलं, मग दुसऱ्या पद्धतीने, मग तिसऱ्या. दर वेळी मनात हेच की आता दोन्ही आकडे जुळतील. ते जुळले नाहीत. डबा तसाच राहिला. दुपारी अडीचला मला समजून चुकलं होतं, पण कारण हातात आल्याशिवाय जागेवरून उठवेना.

मग एकेक पिक्सेल वेगळा काढून त्याचा आलेख केला. ताऱ्याच्या अगदी मधल्या पिक्सेलमध्ये खळगा उथळ होता. ईशान्येकडच्या शेजारच्या पिक्सेलमध्ये तो कितीतरी खोल. प्रकाश घटत होता तो माझ्या ताऱ्याचा नव्हताच.

युरोपच्या गाया दुर्बिणीने पावणेदोन अब्जांहून जास्त ताऱ्यांच्या जागा इतक्या काटेकोर मोजून ठेवल्या आहेत की आमच्या कामात पदोपदी तिच्याकडे धाव घ्यावी लागते. मार्च 2025 मध्ये ती बंद केली, तिची यादी मात्र रोज उघडावी लागते. त्या यादीत माझ्या ताऱ्यापासून 28 विकलांवर आणखी एक तारा निघाला, चार प्रतींनी मंद. प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप.

विकला हा शब्द मी शाळेत नाही, आजोबांच्या पंचांगात वाचला. अंशाच्या 60 कला, कलेच्या 60 विकला. वसिष्ठ आणि अरुंधती यांच्यात साधारण 12 कलांचं अंतर आहे, चांगली नजर असेल तर डोळ्यांनी दोघे वेगळे दिसतात. 28 विकला म्हणजे त्याचा पंचविसावा हिस्सा. टेसचा एक पिक्सेलच 21 विकलांचा, कारण तिला एकाच वेळी आकाशाचा प्रचंड मोठा भाग बघायचा असतो. तेवढ्या अंतरावरच्या दोन ताऱ्यांचा प्रकाश तिच्या डोळ्यात एकमेकांत मिसळतो.

पुढचं गणित वहीच्या पाव पानावर मावलं. चार प्रतींनी मंद म्हणजे माझ्या ताऱ्याच्या चाळिसाव्या हिश्श्याइतका प्रकाश. त्या शेजाऱ्याचा प्रकाश दर ग्रहणाला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटत होता, आणि मोठ्या ताऱ्याच्या उजेडात मिसळून ती घट 0.9 टक्के एवढीच उरत होती. शेजारी एकटा नव्हता. ते दोन होते, 3.8 दिवसांत एकमेकांभोवती फेरी घेणारे.

मॅडम साडेपाचला स्वतःच आल्या. वही पाहिली, खुर्ची ओढून बसल्या. त्यांच्या पहिल्या वर्षात असे चार ग्रह गेले होते म्हणे. टेसच्या यादीत सात हजारांवर उमेदवार आहेत, त्यातले पक्के ठरलेले अजून हजारही नाहीत, हे मला पाठ होतं. पण आकडा पाठ असणं वेगळं आणि रात्रभर जवळ बाळगलेला ग्रह स्वतःच्या हाताने खोडणं वेगळं. "नोंद नीट लिही," त्या म्हणाल्या. "शेजाऱ्याचा क्रमांक, फेरीचा काळ, पिक्सेलचे आलेख, सगळं. पुढे कुणाला हाच खळगा दिसला तर त्याचा दिवस वाचेल."

ती नोंद लिहायला दोन तास लागले. इतकं निगुतीने मी याआधी काही लिहिलं नव्हतं.

रात्री बाबांना फोन केला. त्यांनी दिवसभरात काकांना, शेजारच्या जोशीकाकूंना, बँकेतल्या जुन्या मित्रांना सांगून टाकलं असणार, ही धास्ती होतीच. "बाबा, तो ग्रह नव्हता."

थोडा वेळ शांतता. मग, "बरं. मग काय होतं?"

हे कुणी विचारेल असं मला वाटलंच नव्हतं. मी सांगायला लागले. दोन तारे, जवळजवळ एकाच तेजाचे, इतके जवळजवळ की पावणेचार-चार दिवसांत एक फेरी. एकदा हा त्याच्यापुढे येतो, एकदा तो ह्याच्यापुढे, आणि नेमकं आपल्याच दिशेला ते ग्रहण दिसतं. आठ पैशांचा फरक आहे दोघांच्या ग्रहणांत, टक्क्याच्या आठ शतांश. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की कालच्या फोनपेक्षा मी जास्त वेळ बोलतेय.

"सप्तर्षीत कुठेशी?"

"वसिष्ठाच्या जरा खाली. डोळ्यांना नाही दिसणार, बाबा."

"असू दे. जागा तर दिसेल." गच्चीच्या दाराची कडी काढल्याचा आवाज आला. "आणि पुढचं ग्रहण कधी आहे?"

मी वही पुढे ओढली आणि हिशेब केला. शनिवारी रात्री, 11 वाजून 40 मिनिटांनी.