मस्कीसाठी लीच लेक, आणि तिथे जायचं कसं ठरलं

मस्की पकडायला कुठे जाऊ असं कोणी विचारलं की मी आधी त्यालाच विचारतो, तुला मस्की बघायचाय की आयुष्यातला सगळ्यात मोठा मस्की पाहिजे? कारण या दोन्ही गोष्टी एकाच तळ्यात क्वचित मिळतात आणि हे आधी ठरलं नाही तर सगळी सुट्टी गाडीतच जाते, आज या लेकवर उद्या त्या लेकवर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मस्की म्हणजे मस्कलंज, उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मोठा शिकारी मासा, पाइकच्या कुळातला. लांबुळका, जबड्यात सुयांसारखे दात, चार फुटांचा मासा म्हणजे काही चमत्कार नाही आणि वीस वर्षांवरही जगू शकतो. पण पाण्यात असतात मोजके आणि भूक लागल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. इकडचे लोक याला दहा हजार कास्टचा मासा म्हणतात, म्हणजे गळ दहा हजार वेळा फेकाल तेव्हा लागणारा. मी मालवणकडचा, लहानपणी मामाबरोबर खाडीत गरवायला जायचो, तिथे तासाभरात काहीतरी गरीला लागायचंच. इथे दिवस दिवस काही लागत नाही आणि तरी माणसं परत परत येतात, हे मला अमेरिकेत, मिनेसोटात आल्यावर समजायला बराच वेळ लागला. आता मीही त्यातलाच झालोय.

तर यंदा मी आणि माझा एक मित्र (नागपूरचा, इकडे मिनीआपोलिसमध्ये आमच्या शेजारच्याच सबर्बमध्ये राहतो) लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) नंतरच्या वीकेंडला जायचं ठरवलं. दोघांच्याही घरी दीड दिवसाचा गणपती, विसर्जन झालेलं, त्यामुळे मासे पकडायला आणि खायला दोन्हीला मोकळे. प्रश्न एकच, कुठे.

मित्राचं म्हणणं मिल लॅक्स. शहरापासून शंभर मैल, शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघालो तरी जेवायच्या वेळेला पोचतो. आणि तळं काय साधंसुधं नाही, एक लाख तीस हजार एकराच्या आसपास पाणी. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये मिनेसोटाचा रेकॉर्ड मस्की तिथेच निघाला, 55 पौंड 14.8 औंस, म्हणजे जवळपास पंचवीस किलोचा मासा. त्याआधीचा रेकॉर्ड 1957 चा होता, 54 पौंडाचा, तो लेक विनीबिगोशिशचा. चौसष्ट वर्षं टिकलेला रेकॉर्ड जिथे मोडला तिथे जावंसं वाटणारच. पण मिल लॅक्सवर मासे थोडे, असतील ते राक्षस. माझ्या मित्राने आजवर पाण्यात जिवंत मस्की बघितलेलाच नव्हता, त्याला पहिल्याच फेरीत मिल लॅक्सला नेणं म्हणजे पोहायला शिकवायला समुद्रात ढकलण्यासारखं.

दुसरा पर्याय विस्कॉन्सिनमधलं हेवर्ड. मस्की हा विस्कॉन्सिनचा राज्य मासा आहे 1955 पासून, आणि हेवर्डला गोड्या पाण्यातल्या मासेमारीचं म्युझियम आहे तिथे चार मजली उंचीचा फायबरग्लासचा मस्की उभा केलाय, लोक त्याच्या जबड्यात चढून फोटो काढतात, मुलं बरोबर असतील तर जरूर जा. 69 पौंड 11 औंसाचा जो मासा अनेक वर्षं जगातला सगळ्यात मोठा म्हणून सांगितला जातो (त्यावरून वादही तेवढाच आहे) तो 1949 मध्ये तिथल्याच चिपेवा फ्लोएजमधला, फ्लोएज म्हणजे धरणामुळे झालेलं तळं. आज मात्र फ्लोएज ओळखतात ते जास्त मासे दिसण्यासाठी, मोठ्या मापासाठी नाही. मला विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने डोळे मिटून तिथे जावं.

डेट्रॉइटकडे राहणाऱ्यांना तर एवढं लांब यायची गरजच नाही, तुमच्या उंबरठ्यावर लेक सेंट क्लेअर आहे, उथळ पसरट पाणी, काही अमेरिकेत काही कॅनडात, आणि मस्कींची संख्या इतकी की ट्रोलिंग करणाऱ्या, म्हणजे नकली आमिष मागे ओढत नेणाऱ्या भाड्याच्या बोटींवर नवख्या माणसालाही मासा लागतो. आणि स्वप्नातलं ठिकाण म्हणजे लेक ऑफ द वुड्स, चौदा हजारांवर बेटं, पण मस्कीचं खरं पाणी कॅनडाच्या बाजूला, म्हणजे आपल्यासारख्या एच वन बी वाल्यांना आधी कॅनडाचा व्हिसा, मग परत येतानाची कागदपत्रं. वीकेंडपुरतं ते जमत नाही.

मी शेवटी मिनेसोटातल्याच लीच लेकवर अडून बसलो. कारण सांगतो. मिनेसोटात बऱ्याच तळ्यांमध्ये मस्की आहेत ते सोडलेले आहेत, मिल लॅक्सचेसुद्धा. आधी कित्येक वर्षं सरकारी हॅचरीत जी पिल्लं वाढवायचे ती शूपॅक नावाच्या तळ्यातल्या वाणाची होती आणि तो वाण मुळात लहान चणीचा, मासे वाढायचेच नाहीत. 1980 च्या दशकात त्यांनी वाण बदलला आणि लीच लेकचा घेतला, आणि मग राज्यभर चार साडेचार फुटी मासे दिसायला लागले. म्हणजे आज मिनेसोटात कोणी मोठ्या मस्कीचा फोटो टाकला की त्याचं मूळ गाव बहुतेक लीच लेक. मला तो मासा त्याच्या मूळ गावी भेटायचा होता, बास. मित्र म्हणाला, "अरे मासा तो मासाच ना, त्याचं गाव कशाला बघतोस," पण गाडी माझी होती.

मिनीआपोलिसहून वॉकर हे गाव साडेतीन तास. ब्रेनर्डनंतर 371 नंबरचा रस्ता, निस्वा, मग पीकॉट लेक्स, तिथली पाण्याची टाकी लाल पांढऱ्या बॉबरसारखी, म्हणजे गळाच्या दोरीला लावतात त्या तरंगत्या गोळ्यासारखी रंगवलीय, लांबूनच दिसते. पुढे पाइनची झाडं दाट होत जातात, दर मैलाला एक तळं आणि दर तळ्याला एक आमिषाचं दुकान. वॉकरला पोचलो तेव्हा अंधार पडत आला होता आणि हवेत मस्त गारवा.

लीच लेक एक लाख एकरांहून मोठं आहे, एका टोकाला उभं राहिलं की समोरचा काठ दिसत नाही, आणि वॉकर बे ही त्याची खाडी दीडशे फुटांवर खोल. आज जेवढं पाणी दिसतं तेवढं पूर्वी नव्हतं. 1884 मध्ये अमेरिकन सैन्याच्या इंजिनिअर लोकांनी इथे धरण बांधलं, खाली मिसिसिपीला मिनीआपोलिसच्या गिरण्यांसाठी वर्षभर पाणी पुरावं म्हणून, आणि त्यात इथल्या मूळ रहिवासी ओजिब्वे लोकांची वस्ती, त्यांची रानतांदळाची शेतं म्हणजे पाणथळ जागा बुडाल्या. कोयनेच्या उजनीच्या काठावरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. तळ्याचा मोठा भाग आजही लीच लेक रिझर्वेशनच्या, म्हणजे त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या प्रदेशाच्या हद्दीत येतो. आणि आम्ही गेलो तो रानतांदूळ काढायचाच हंगाम होता, एका उथळ खाडीच्या तोंडाशी दोन माणसं होडीत, एक लांब काठीने होडी ढकलतोय आणि दुसरी बसून दोन हलक्या काठ्यांनी रोपं वाकवून दाणे होडीत झाडतेय. आमच्या गाइडने लांबूनच इंजिन बारीक केलं आणि लांबचा वळसा घेतला, म्हणाला लाट गेली तर त्यांचे दाणे पाण्यात सांडतात. मला ते फार आवडलं. रस्त्यात तोच तांदूळ विकत घेतला, काळपट, लांब, शिजायला पाऊण तास, पण चव अशी की त्याची नुसती खिचडीसुद्धा पाहुण्यांना वाढावी.

गाइड हा साठीतला स्थानिक माणूस, कमी बोलणारा. सकाळी निघताना त्याने एवढंच सांगितलं की आज सगळं तळं फिरायचं नाही, पोर्टेज बेच्या बाजूच्या चार जागा, तेवढ्याच. वारा दोन दिवस एकाच दिशेने होता आणि ज्या काठावर वारा लागतो तिथे बारके मासे ढकलले जातात, त्यांच्या मागे टलिबी आणि पर्च खाणारे मोठे. टलिबी म्हणजे थंड पाण्यात राहणारा चरबीदार मासा, ज्या तळ्यात तो आहे तिथे मस्की मोठे होतात, हे लेक निवडताना लक्षात ठेवायला हरकत नाही. पाण्याचं तापमान 69 फॅरनहाइट होतं. भर उन्हाळ्यात ते 80 च्या वर गेलं की गाइड लोक मस्कीला हातच लावत नाहीत, मासा दमतो आणि सोडला तरी वाचत नाही. म्हणून मी जुलैमध्ये जाऊ नका सांगतो, सप्टेंबर बघा.

सामान बघून मित्र जरा गार झाला. साडेआठ फुटी जाड रॉड, शंभर पौंडाची वेणीची दोरी, पुढे जाड लीडर, म्हणजे दोरी आणि आमिषाच्या मधला मजबूत तुकडा, नाहीतर दातांनी दोरी तुटते, आणि लूर म्हणजे नकली आमिषं तर अर्धा पाव वजनाची. दोन मोठ्या पात्यांच्या बकटेल नावाच्या लूर, पातं पाण्यात फिरलं की रॉडच्या मुठीपर्यंत थरथर येते. फेकायचं, ओढायचं आणि बोटीशी आलं की थांबायचं नाही, रॉडचं टोक पाण्यात खुपसून इंग्रजी आठचा आकडा काढायचा, मोठा, सावकाश वळणाचा. दर वेळी. हात भरून आले तरी. कारण मस्की लूरच्या मागे बोटीपर्यंत येतो आणि तिथे ठरवतो.

आणि आलाच. दुसऱ्या जागी, कॅबेज म्हणतात त्या रुंद पानांच्या पाणवनस्पतीच्या कडेला जिथे खडक सुरू होतो तिथे, माझ्या लूरच्या मागे दोन फुटांवर एक लांब तपकिरी सावली, शेपूट अजिबात हलत नाही तरी पुढे सरकतेय. मित्र श्वास रोखून "अरे, अरे, अरे" एवढंच. मी आठ काढला, मासा पहिल्या वळणाला वळला, दुसऱ्याला खाली गेला आणि दिसेनासा झाला. गाइडने जीपीएसवर खूण केली आणि बोट लगेच तिथून काढली. म्हणाला, आता त्याला त्रास नाही द्यायचा, पौर्णिमा जवळ आहे, चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवेल, तेव्हा येऊ. मस्कीवाले चंद्रोदयाची वेळ किती मानतात हे ऐकून होतो. ते किती खरं यावर कोणी वाद घालावा, पण तो मासा तिथेच राहतो हे गाइडला माहीत होतं आणि मला वाटतं लेक निवडण्यापेक्षाही मोठी निवड ही होती, दिसलेल्या माशाकडे परत जाणं.

दुपारभर काही नाही. उन्हात, वाऱ्यात नुसतं फेकत राहिलो, थेपले आणि लोणचं खाल्लं.

संध्याकाळी परत त्या कडेला आलो तेव्हा मी मित्राला बोटीच्या पुढच्या टोकाला उभं केलं. गाइडने त्याला काळी बकटेल दिली, कमी उजेडात आकार नीट दिसतो म्हणून. काही वेळाने त्याची लूर बोटीशी आली, त्याने सकाळपासून शिकवल्याप्रमाणे आठ काढायला घेतला आणि दुसऱ्या वळणावर पाणी फुटलं. नुसता पांढरा जबडा दिसला. रील करकरली, रॉड बोटीच्या खाली वाकला, गाइड शांतपणे म्हणतोय सैल नको सोडू, सैल नको सोडू, आणि मी जाळी घेऊन तयार. मासा जाळीत आल्यावर मित्राच्या तोंडून शब्द फुटेना, हा नागपूरचा माणूस एरवी गप्प बसत नाही.

मासा पाण्यातच, जाळीत ठेवूनच गाइडने लांब पक्कडीने हुक काढले, एक हुक खोल गेला होता तो सरळ कटरने कापून टाकला. मग पोटाखाली हात देऊन आडवा उचलला, पट्टीवर माप 43 इंच, एक फोटो, आणि परत पाण्यात. शेपटीजवळ धरून ठेवला, कल्ले जोरात चालायला लागले तसा तो स्वतःच हात झटकून गेला. मिनेसोटात जवळपास सगळीकडे 54 इंचांखालचा मस्की ठेवताच येत नाही आणि त्यावरचाही फारसं कोणी ठेवत नाही. पूर्वी असं नव्हतं. 1955 च्या जुलैमध्ये याच तळ्यावर मस्की वेड लागल्यासारखे खायला लागले होते आणि लोकांनी धडाधड मारले, दांडीला ओळीने टांगलेल्या माशांचे फोटो आजही तिकडे बघायला मिळतात. मला ते फोटो बघवत नाहीत. त्यातली एकेक मोठी मादी वाढायला पंधरा वीस वर्षं लागलेली असणार.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अरे एवढा मोठा मासा मिळाला आणि सोडून दिलात?" तिला मी लोणावळ्याचं सांगितलं, वळवण धरणाशी टाटांची हॅचरी आहे तिथे कित्येक वर्षं महाशीरची पिल्लं वाढवून नद्यांत, तलावांत सोडतायत, कारण तो आपल्याकडे संपत आला होता. हळू वाढणारा मोठा मासा एकदा संपला की परत आणायला पिढी जाते. ती म्हणाली, "बरं, मग जेवलात काय?" जेवलो वॉलाय, तो इथला खायचा मासा, दुसऱ्या दिवशी सकाळी धरलेला. मालवणी मसाला आणि रवा घरून नेलाच होता, केबिनच्या तव्यावर तळला, सोबत रानतांदळाचा भात.

कोणी आपली बोट घेऊन जाणार असेल तर एक सांगतो, पाण्यातून बाहेर काढल्यावर तळाचा ड्रेन प्लग काढूनच रस्त्यावर यायचं, कायदाच आहे, झेब्रा शिंपले एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून. बोटीला, ट्रेलरला चिकटलेलं गवतही तिथेच काढा.

परतीच्या रस्त्यात ब्रेनर्ड यायच्या आधीच मित्राने नोव्हेंबरच्या मिल लॅक्सचं काढलं, आता त्याला पन्नास इंची पाहिजे. त्याने जरूर जावं, आता त्याला कळतं आपण काय शोधायला चाललोय. मी पुढच्या सप्टेंबरसाठी वॉकरचीच केबिन बुक केलीय, स्टीमबोट बे अजून पाहिलीच नाही.