तुम्ही विचारलंत म्हणून: रॅम घरी बसवावी का?

"लॅपटॉप फार अडकतोय, रॅम वाढवायचीय. दुकानात देऊ की घरीच बसवू?" इंदूरला आमच्या रामबागेत ओळखीचं कुणी ना कुणी मला हे विचारतंच. घरीच बसवा. पैसे बुडतात ते बसवताना नाही, चुकीची वस्तू आणल्यावर.

रॅम म्हणजे चालू कामं ज्यात राहतात ती तात्पुरती मेमरी. आधी विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ती मेमरी किती भरलीय ते पाहा. रोजची कामं चालू असताना ती ९० टक्क्यांच्या आसपास भरलेली असेल, तरच रॅम घ्या. निम्मी रिकामी असूनही डिस्कचा वापर १०० टक्के दिसत असेल, तर जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान डिस्क, टाका. रॅम बसवायच्या जागांपैकी (स्लॉट) किती वापरात आहेत, तेही तिथेच दिसतं. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन पक्की जोडलेली असते. २०२० च्या शेवटापासून आलेल्या एम चिपवाल्या मॅकबुकमध्ये तर ती नंतर वाढवताच येत नाही. वॉरंटी चालू असेल तर झाकण उघडलेलं चालतं का, हे कंपनीला आधी विचारा.

मी पहिल्यांदा दुकानात जाऊन "लॅपटॉपची ८ जीबी द्या" एवढंच म्हटलं होतं. मिळाली डीडीआर३, मशीन डीडीआर४चं. या रॅमच्या वेगवेगळ्या पिढ्या, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. पहिलीला २०४ पिना, दुसरीला २६०, खाचही वेगळ्या जागी. पाकीट फोडलेलं, म्हणून परत घेतली नाही. तेव्हापासून सांगते, कॉम्प्युटरच्या सामानासाठी सिल्व्हर मॉलला जाल तेव्हा जुन्या रॅमच्या पट्टीवरच्या (स्टिक) लेबलचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या.

गेल्या डिसेंबरात शेजारच्या काकूंनी स्वतःच्या हातानं रॅम बसवली, मी नुसती बाजूला बसले होते. थंडीत आपल्याकडची हवा कोरडी, अंगावर लोकरीचा स्वेटर. हाताला चटका जाणवतो तेव्हा ती ठिणगी ३,००० व्होल्टच्या पुढची असते. चिप त्याहून कितीतरी कमीत जाते. काकूंनी स्वेटर काढला, धातूच्या नळाला हात लावला. चार्जर काढून लॅपटॉप बंद केला, स्क्रू ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं वाट्यांमध्ये ठेवले आणि बॅटरीची पिन सोडवली. स्टिक कडेनं धरून तिरकी आत सरकवली, सोनेरी कड जवळजवळ दिसेनाशी झाली, मग खाली दाबली. दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् करून बसल्या. हा आवाज आला नाही तर जोर लावायचा नाही, काढून पुन्हा सरकवायची.

झाकण लावून बटण दाबलं तर पडदा काळा. काकूंचा चेहरा उतरला, हात पुन्हा बटणाकडे गेला. मी तो धरून ठेवला. डीडीआर५ बदलली की मशीन पहिल्यांदा नव्या मेमरीशी जुळवून घेतं, त्यात काही मिनिटं जाऊ शकतात, आणि मध्येच बंद करायचं नसतं. लोगो आला. टास्क मॅनेजरमध्ये १६ जीबी दिसले. रात्री आम्ही मेमरी डायग्नोस्टिक, म्हणजे विंडोजमधला रॅम तपासायचा प्रोग्राम, लावून ठेवलं, सकाळपर्यंत एकही चूक निघाली नाही.

त्याच आठवड्यात काकू स्क्रूड्रायव्हर मागायला आल्या. लोकमान्य नगरला नणंदेकडे न्यायचा होता.