प्रस्तावित खडीच्या खाणीची जनसुनावणी आणि आमच्या विहिरी

पुणे जिल्ह्यातील आमच्या गावाच्या माळावर खडीसाठी डबराची खाण प्रस्तावित झाली. तिचे क्षेत्र पाच हेक्टरांहून अधिक असल्यामुळे २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार जनसुनावणी जाहीर झाली आणि हरकतींसाठी तीस दिवसांची मुदत मिळाली. धूळ आणि सुरुंग यांविषयी बोलणारे गावात पुष्कळ होते. मी पाणी हाच विषय घेतला, कारण माळाच्या पायथ्याच्या विहिरींवर आमचा रब्बी हंगाम अवलंबून आहे.

खाणीच्या पर्यावरणीय आघात अहवालाच्या मराठी सारांशात म्हटले होते की खाणीचा तळ भूजलपातळीच्या वरच राहील. या विधानाचा आधार शोधण्यासाठी मूळ अहवाल वाचला, तेव्हा दिसले की पायथ्याच्या विहिरींची केवळ उन्हाळ्यातील पातळी घेऊन तीच माळाखालीही सपाट पसरली आहे असे धरले होते. प्रत्यक्षात माळाखालची पातळी पायथ्याहून उंच असते. तो उतार असतो म्हणूनच पाणी आमच्या झऱ्यांपर्यंत येते. शिवाय आपल्या काळ्या पाषाणात पाणी सगळीकडे सारखे मुरत नाही, ते भेगांमधून आणि दोन थरांमधल्या झिजलेल्या मांजऱ्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या, खडकातून वाहते. खाणीने असा एक थर कापला, की विहिरीत येणारे पाणी खाणीत उतरते आणि काम चालू ठेवण्यासाठी ते उपसून टाकावे लागते.

माळाच्या वरच्या अंगाला एक जुनी विहीर आहे. एका ओळखीच्या सर्वेक्षकाच्या मदतीने तिच्या आणि पायथ्याच्या विहिरींच्या काठांची उंची एकाच खुणेपासून मोजून घेतली, पाण्याची खोली त्यातून वजा केली आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जवळच्या निरीक्षण विहिरीवरून मे ते ऑक्टोबर पातळी किती चढते ते पाहिले. त्या हिशेबाने पावसाळ्यानंतरची पातळी प्रस्तावित तळाच्या वर येत होती. हा तक्ता मी सुनावणीत लेखी दिला आणि तो इतिवृत्तात आला आहे, याची शेवटी ते वाचून दाखवताना खात्री करून घेतली. नुसते तोंडी बोलणे पुरेसे नाही, असे माझे ठाम मत आहे.

पृष्ठजलाचा प्रश्न त्या मानाने सरळ होता. एका हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर पाणी. गाळ बसवण्याचे तळे मात्र फक्त खाणीच्या क्षेत्रापुरते आखले होते, वरच्या उताराचे पाणी त्यात धरलेच नव्हते. ते स्वच्छ पाणी कडेच्या चरातून थेट ओढ्याला द्यावे आणि चुरीमिश्रित पाणी वेगळे ठेवावे, अशी मागणी केली.

राज्यस्तरीय तज्ज्ञ मूल्यांकन समितीने क्षेत्रातच निरीक्षण विंधन विहिरी घेऊन दोन्ही हंगामांच्या नोंदी मागवल्या. परवानगी मिळाली ती कडेच्या चराची अट घालून, आणि तळ ऑक्टोबरच्या पातळीच्या वर ठेवण्याच्या अटीवर. अटींच्या पूर्ततेचा अहवाल खाणचालकाला दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो; त्यामुळे मे आणि ऑक्टोबरमध्ये आम्ही आमच्या विहिरी मोजतो आणि खाणीच्या नोंदींशी ताडून पाहतो.