तुम्ही विचारलंत म्हणून: टॅपेट घरीच का?

नाही, पैसे वाचवायला नाही.

हे आधीच सांगून टाकतो, कारण रविवारी सकाळी पार्किंगमध्ये रद्दीचे पेपर अंथरून मी स्प्लेंडरचे टॅपेट, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हची फट, सेट करायला बसलो की दूध घेऊन परतणारा प्रत्येक जण तोच अंदाज बांधून विचारतो. ‘काय हो, गॅरेज परवडत नाही का?’ दुसऱ्या मजल्यावरचे काका विचारतसुद्धा नाहीत. नुसतं ‘चालू द्या’ म्हणतात, आणि पुण्यात ‘चालू द्या’चा अर्थ काय होतो ते तुम्हाला ठाऊक आहे. मेव्हणा विचारतो, ऑफिसातले विचारतात, परवा तर व्याह्यांनी विचारलं. अर्ध्या तासाचं काम, कोपऱ्यावर गॅरेज, पोराच्या हातात गाडी द्यायची आणि चहा पिऊन यायचं. टॅपेट घरी कशाला सेट करत बसता?

आजवर मी याची तीन उत्तरं देत आलोय. पहिलं हिशोबाचं. ते टिकत नाही. फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पाती, बोहरी आळीतून आणलं, टॅपेटची चावी नाना पेठेतून, झाकणांच्या रबरी रिंगा दर खेपेला नव्या, आणि एवढ्याशा रिंगांसाठी रविवार पेठेच्या गर्दीत गाडी लावायला जागा शोधत अर्धा तास. गॅरेजवाल्याला दिले असते ते पैसे केव्हाच ओलांडून झालेत. दुसरं उत्तर, ‘गॅरेजवाले सगळे चोर.’ हे मी पस्तिशीत फार ठासून सांगायचो. तेव्हाचा मी आज समोर आला तर त्याला विचारीन, बाबा रे, तुला नक्की कुणी लुटलं, एक नाव सांग. तिसरं, ‘आवड आहे.’ हे लोकांना पटतं, ते मान डोलावून निघून जातात. पण गुडघे कुरकुरत असताना फरशीवर आडवं होऊन, मनगटावरून ऑइलचा ओघळ कोपरापर्यंत येत असताना कसली आवड?

घरात वारसाही नाही. वडिलांकडे चेतक होती. टू-स्ट्रोक, तिला टॅपेट नाहीतच. प्लग साफ करायचा, स्कूटर एका अंगावर कलती करायची आणि किक मारायची, एवढंच त्यांचं शास्त्र. ज्या शहरात बजाजचा आकुर्डीचा कारखाना, तिथे मी हीरो होंडा घेतली यावर ते वर्षभर माझ्याशी तुटक बोलत होते.

तर काम काय ते एकदा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. स्प्लेंडरच्या व्हॉल्व्हचं, म्हणजे इंजिनातल्या झडपेचं, टोक आणि तिला दाबून उघडणाऱ्या रॉकरचा स्क्रू यांच्यात 0.05 मिलिमीटर फट हवी. हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या इनलेटला तेवढीच, धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्टलाही तेवढीच. डोक्याच्या केसाएवढी म्हणा. गाडी रात्रभर उभी राहिलेली हवी, पूर्ण गार. मेन स्टँडवर घेतली, प्लग काढला, डावीकडच्या मॅग्नेटच्या कव्हरची दोन बुचं काढली, हेडवरची, म्हणजे सिलिंडरच्या माथ्यावरची, टॅपेटची दोन झाकणं काढली. मोठ्या बुचातून पाना घालून क्रँक घड्याळाच्या उलट फिरवायचा आणि छोट्या भोकाला डोळा लावायचा. आत फिरत्या मॅग्नेटवर खुणा असतात. आधी ‘एफ’ दिसतो, मग ‘टी’, म्हणजे पिस्टन अगदी वर. ‘टी’ खाचेसमोर आला की थांबायचं.

पण ‘टी’ दोनदा येतो. एकदा कंप्रेशनच्या, म्हणजे आतली हवा दाबण्याच्या, शेवटी, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी, तेव्हा एक मिटत असतो आणि दुसरा उघडू लागलेला असतो. त्या दुसऱ्या ‘टी’वर माप घेतलं तर सगळं मुसळ केरात. म्हणून बोटाने रॉकर हलवून बघायचे. दोन्ही जरासे टकटकले पाहिजेत. मग पात सरकवायची. ती अडखळायला हवी, अडकायला नको. जुन्या पुस्तकात दाबून ठेवलेलं पिंपळाचं पान ओढताना कागद जेवढा धरून ठेवतो, तेवढंच. आणि ते जमलं म्हणून आनंदाने स्क्रू धरून ठेवणारा लॉकनट आवळला की स्क्रू त्याच्याबरोबर किंचित फिरतो आणि फट बदलते. पुन्हा पहिल्यापासून. स्प्लेंडरचं सिलिंडर जवळजवळ आडवं, त्यामुळे इनलेटचं झाकण वर आणि एक्झॉस्टचं खाली. खालच्यासाठी कुशीवर झोपावं लागतं. चहा पिऊन येईपर्यंत होतं ते हेच काम, पण असं नव्हे.

आता खरं उत्तर.

2011 सालची दिवाळी. भाऊबीजेला धनकवडीला ताईकडे गेलो होतो. भाच्याने त्या वर्षी जुनी स्प्लेंडर घेतली होती. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एका मेस्त्रींचं गॅरेज. माझी गाडीही मी त्यांच्याकडेच टाकायचो. दिवाळीआधी त्यांनीच भाच्याच्या गाडीची सर्व्हिस केली होती. जेवणं झाली आणि ताई म्हणाली, ‘अरे, सर्व्हिस करूनसुद्धा ही गाडी टकटक वाजते बघ.’ भाचा म्हणाला, ‘मेस्त्री म्हणाले थोडं वाजू दे.’ मी हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं. ‘वाजू दे काय! टॅपेट लूज आहेत. आण पाने.’

तेव्हा मला टॅपेट दोन-तीनदा स्वतः केल्याचा अनुभव होता. एवढा अनुभव सगळ्यात वाईट.

भाचा नुकताच कात्रजला मित्राकडे फराळ करून आला होता, हेड हात लावता येणार नाही इतकं तापलेलं. मला ठाऊक होतं की गार असताना करतात. हेड ॲल्युमिनियमचं, व्हॉल्व्ह पोलादी. तापल्यावर दोन्ही सारखे फुगत नाहीत, त्या वेळी घेतलेलं माप हे मापच नव्हे. ठाऊक होतं, पण ताई बघत होती, भावजी बघत होते, शेजारचे दोघे कठड्याला टेकून उभे होते. फिलर गेज माझ्या घरी. टॅपेटची चावीही घरी. स्क्रूचं चौकोनी डोकं मी पक्कडीने धरलं. कानाने सेट केलं. थोडं आवळलं, चालू करून ऐकलं, अजून थोडं वाजतंय, पुन्हा उघडलं, पुन्हा आवळलं. तिसऱ्या खेपेला गाडी अशी शांत झाली की भावजी म्हणाले, ‘वा! नव्यासारखी.’ ताईने ओवाळताना ताटात ठेवण्याच्या नोटेवरूनही मी तेच ऐकवलं: ‘पन्नासच ठेवतो, मजुरी वळती करून.’

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गार होतो तो मुख्यतः सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बैठकीवर, टेकून. बंद असताना त्याची कड हेडमधल्या सीटला चिकटते, तेवढ्या वेळात उष्णता हेडकडे जाते. फट संपवलीत की तो पुरता टेकतच नाही. मग दर स्फोटाला आगीची एक बारीक जीभ त्या फटीतून बाहेर पडते आणि कड जाळत बसते. वरून मात्र काही ऐकू येत नाही. उलट गाडी गप्प असते, आणि आपण खूश.

डिसेंबरात भाच्याचा फोन आला. ‘मामा, सकाळी चालू व्हायला त्रास देते. किक पण हलकी लागते.’ मी म्हणालो, थंडी आहे, चोक दे. हे वाक्य मी दोनदा म्हणालो, दोन वेगवेगळ्या फोनवर.

जानेवारीच्या शेवटी ताईच्या नणंदेच्या मुलीचं लग्न, वाईला. भावजी नवरीचे मामा, ते आदल्या दिवशीच गेले. ताईला शाळेतून रजा मिळाली नाही, म्हणून ती लग्नाच्या सकाळी भाच्याच्या मागे बसून निघाली. शालू नेसून, मांडीवर आहेराची पिशवी. खंबाटकीचा घाट चढताना गाडीने दुसऱ्या गिअरमध्ये दम सोडला, मग पहिल्यात, मग रस्त्याच्या कडेला बंद. मला फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. मागे ट्रकांचे हॉर्न. भाचा म्हणाला, ‘मामा, किक मोकळी पडतेय. नुसती खाली जाते.’

मला तिथेच कळलं. फोन कानाला होता आणि डोळ्यांपुढे ती पक्कड. मी काय म्हणालो असेन? ‘प्लग काढून बघ.’

ताई एका टेम्पोत बसून पोचली, तोवर अक्षता पडून गेल्या होत्या. सख्खी मामी लग्न लागल्यावर आली हे त्या घरात अजून बोललं जातं. परवाच्या डोहाळजेवणातही निघालं.

गाडी टेम्पोत घालून मेस्त्रींकडे आली. हेड उतरवलं तेव्हा मी, ताई, भाचा तिघेही तिथे होतो. त्यांनी हेड हातात धरून एक्झॉस्टच्या तोंडात थोडं पेट्रोल ओतलं. व्हॉल्व्ह नीट बसलेला असता तर ते तिथेच थांबलं असतं. ते सरळ खालून गळून त्यांच्या चपलेवर पडलं. व्हॉल्व्ह काढला. गोल कडेचा नखाएवढा तुकडा खाल्ल्यासारखा गेलेला, शेजारी राखाडी पांढरट डाग. मग त्यांनी रॉकर उचलला आणि स्क्रूचं डोकं उजेडात धरलं. त्यावर पक्कडीचे दात उमटलेले होते, चारही बाजूंनी. त्यांच्या चावीने असे दात उमटत नाहीत.

‘टॅपेटला कुणी हात लावला होता का?’ त्यांनी विचारलं. ताईकडे नाही, माझ्याकडे बघून.

ताई उसळली. ‘तुमच्याशिवाय कोण लावणार? दिवाळीला तुम्हीच सर्व्हिस केलीत ना?’ माझ्या हातचं काम ती विसरली होती की तिला त्याचा आणि याचा संबंधच लागला नाही, कोण जाणे. भाचा खाली बघत होता. त्याला लागला असावा. मी त्या व्हॉल्व्हकडे बघत राहिलो, जणू मला काही तज्ज्ञ मत द्यायचंय.

मेस्त्रींनी रॉकर खाली ठेवला, फडक्याने हात पुसले. म्हणाले, ‘बरं. सामानाचे तेवढे द्या. मजुरी राहू द्या.’

मजुरी राहू द्या. गुन्हा कबूल म्हणून, की ताईच्या आवाजाला कंटाळून, की मला उद्देशून? यावर मी बारा-तेरा वर्षं डोकं चालवतोय. आणि स्वतःची वकिलीही करतोय, तेही सांगतो. ते सीटही खड्डे पडलेलं होतं. व्हॉल्व्हची दांडी ज्यातून सरकते ते गाईडही सैल होतं, मेस्त्रींनीच बोटाने हलवून दाखवलं. जुनी गाडी, आधीच्या मालकाने काय केलं असेल कुणाला माहीत. तो व्हॉल्व्ह जायचाच होता, मी हात लावला नसता तरी वर्षभरात गेलाच असता. काही रात्री हे मला पटतं. पण मग ‘चोक दे’ आठवतं.

त्यानंतर मी त्या गॅरेजला गेलो नाही. ताईकडे जाताना मागच्या गल्लीने जातो. एकदा स्वतःची गाडी एका सर्व्हिस सेंटरमध्ये दिली. काचेतून बघत होतो. पोराने बाहेर चक्कर मारून आणलेली गाडी तशीच घेतली, झाकणं उघडली, धूर निघणाऱ्या हेडवर कानाने टॅपेट आवळले. मला आत जाऊन ओरडायचं होतं. काय ओरडणार होतो? ते पोर म्हणजे मीच होतो, फक्त गणवेशात. पैसे भरले, घरी आणली, सकाळी गार झाल्यावर पात घातली. एक्झॉस्टला 0.05 शिरेना.

तेव्हापासून घरी. चूक झाली तर कुणाची, हे मला ठाऊक असावं, एवढंच. याला प्रामाणिकपणा म्हणायची माझी तयारी नाही. खरा प्रामाणिक माणूस त्या गॅरेजच्या फळीवर जाऊन बसला असता आणि बोलून मोकळा झाला असता. मी रविवारी पेपर अंथरतो, ते सोपं आहे. ताईला अजून सांगितलेलं नाही. आता वाचेलच.

खालच्या मजल्यावरचा मुलगा विचारत होता, ‘काका, माझ्या ड्यूकचे पण कराल का?’ ती चाकणची गाडी, तिला स्क्रू नाही, शिम, म्हणजे मापाची बारीक चकती, बदलून फट ठेवावी लागते. मी नाही म्हणालो. दुसऱ्याच्या गाडीला मी हात लावत नाही. पण बघायला ये म्हटलंय, स्प्लेंडरवर. तुम्हालाही यायचं असेल तर सातच्या आत या, आणि येताना गाडी माझ्याजवळ लावू नका, तेवढी जागा मला कुशीवर व्हायला लागते.