घरामागच्या शेडमधील कोळी आणि जळमटे

बेळगावात उद्यमबागेतील फौंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये नोकरी केलेल्या माणसाच्या घरामागे बहुधा एखादी शेड असतेच. माझ्या शेडमध्ये बोअर मशीन, व्हाइस, ग्राइंडर आणि वडिलांच्या सुतारकामातील रंधे व पटाश्या आहेत. भिंती जांभ्या दगडाच्या, आतून गिलावा न केलेल्या, आणि वर खानापूरची कौले आहेत. आपल्या भागात अशा शेडमध्ये कोळी होणारच, असे धरून चालणारे पुष्कळ लोक आहेत. वर्षातून एकदा फडा फिरवला की त्यांचे काम संपते. मला हे मान्य नाही, कारण कोळी कशासाठी येतो आणि कुठे राहतो हे नीट पाहिले तर त्याचा उपद्रव पुष्कळच कमी करता येतो.

मुळात कोळ्यापेक्षा जळमटांचा त्रास अधिक असतो. लाकडाचा बारीक भुसा जाळ्यावर बसत जातो, जाळे जड होऊन लोंबू लागते, आणि लाखेचे पॉलिश ओले असतानाच त्याचा एखादा तुकडा फळीवर पडला तर दिवसभराचे काम पुन्हा घासून काढावे लागते. ग्राइंडरच्या आसपास तर असे भुशाने भरलेले जळमट ठेवूच नये, कारण ते कोरडे असते आणि ठिणगीने पेट घेऊ शकते.

ही जळमटे बहुतांशी एकाच जातीच्या कोळ्याची असतात. त्याचे पाय केसासारखे बारीक आणि लांब असतात, पोट करड्या रंगाचे असते, आणि तो छताच्या कोपऱ्यात उलटा लटकून राहतो. काडीने जाळ्याला स्पर्श केला की तो स्वतःचे शरीर इतक्या वेगाने गरगरा हलवतो की क्षणभर त्याचा आकारच दिसेनासा होतो. जुने जाळे तो काढून टाकत नाही, त्यालाच नवे धागे जोडत राहतो, म्हणून जळमट वाढतच जाते. मादी आपली अंडी भिंतीला न चिकटवता विरळ धाग्यांनी बांधून तोंडात धरते. तिचे पाय पसरलेले आणि तोंडाशी फिकट दाण्यांचा गोळा दिसला की ती एक मादी बाहेर नेल्याने पुढची सगळी पिल्ले टळतात, त्यामुळे फडा फिरवण्याआधी बॅटरीच्या उजेडात कोपरे पाहून घेणे फायद्याचे ठरते.

भिंतीवर धावणारा मोठा, चपटा कोळी आणि दिवसा खिडकीपाशी उड्या मारणारा लहान कोळी हे दोघे भक्ष्य पकडण्यासाठी जाळे विणतच नाहीत. मोठा रात्री झुरळे खातो, लहान माश्या आणि डास टिपतो. लहानाला मी कधीच हात लावत नाही. मोठा मात्र घरातल्या मंडळींना घाबरवतो, म्हणून त्याला पसरट डब्याखाली झाकून, खालून पुठ्ठा सरकवून परसात सोडतो.

कोळी येतो तो किड्यांच्या मागे, आणि किडे येतात ते दिव्याच्या मागे. एप्रिल-मेमध्ये वळीव झाला की त्याच संध्याकाळी वाळवीचे पंखवाले किडे जमिनीतून बाहेर पडतात आणि पांढऱ्या ट्यूबलाईटभोवती इतके जमतात की दुसऱ्या दिवशी दाराशी पंखांचा खच दिसतो. दारावरच ट्यूब लावलेली असेल तर आपण कोळ्यांना जेवणाचे ताट वाढून ठेवल्यासारखेच होते. बाहेरचा दिवा दारापासून दूर, खांबावर न्यावा आणि पिवळसर उजेडाचा एलईडी वापरावा, कारण किडे निळसर आणि अतिनील प्रकाशाकडे अधिक ओढले जातात. शेडमध्ये काम नसेल तेव्हा आतला दिवा बंद ठेवावा. सगळ्या उपायांत हाच सर्वांत स्वस्त आहे, आणि माझ्या अनुभवात सर्वांत परिणामकारकही.

दुसरी गोष्ट निवाऱ्याची. जांभा हा मुळातच भोकाभोकांचा दगड आहे आणि त्यातील प्रत्येक भोक लहान कोळ्याला पुरेसे होते. आतून गिलावा करणे सर्वांत चांगले, पण खर्च नको असेल तर मोठी भोके सिमेंटने बुजवून वर चुन्याचे दोन जाड हात द्यावेत. पांढऱ्या भिंतीवर नवे जाळे लगेच नजरेत भरते, हा आणखी एक लाभ. कौलांच्या फटी मात्र पूर्ण बुजवू नयेत, कारण खानापूरकडच्या पावसात शेडमध्ये हवा खेळली नाही तर अवजारांना गंज चढतो. तिथे बारीक जाळी बसवावी. लाकडाची थप्पी भिंतीपासून वीतभर लांब आणि विटांवर उचलून रचावी, म्हणजे मागून फडा फिरवता येतो.

फवाऱ्याच्या औषधाबद्दल मला स्पष्ट सांगायचे आहे, कारण बहुतेक जण सुरुवात तिथूनच करतात. औषध थेट अंगावर पडले तर कोळी मरतो, हे खरे आहे. परंतु भिंतीवर मारून ठेवलेल्या औषधाचा झुरळावर होतो तसा परिणाम त्याच्यावर होत नाही, कारण तो बराचसा काळ जाळ्यातच असतो आणि चालताना पायांच्या टोकांवर चालतो. शिवाय अनेक कोळ्यांची पिल्ले धाग्याच्या आधाराने वाऱ्यावर उडत येतात, त्यामुळे आज रिकामा केलेला कोपरा पुन्हा भरतो. रॉकेल किंवा डिझेल शिंपडण्याची जुनी पद्धत तर ग्राइंडर असलेल्या जागेत जिवावर बेतू शकते.

जळमटे काढताना मेन स्विच बंद करावा, नाकावर रुमाल बांधावा आणि वरून खाली यावे. बांबूला फडा बांधून त्यावर ओलसर फडके गुंडाळले की जाळे कोळ्यासकट त्याला चिकटते. तो फडा परसात दूर नेऊनच झटकावा. कॉम्प्रेसरची हवा मारू नये, कारण त्याने जाळे तुटते, भुसा सगळीकडे उडतो आणि कोळी पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. वळिवाच्या आधी आणि खंडेनवमीच्या आधी, जेव्हा अवजारे पूजेसाठी पुसायची असतातच, तेव्हा सगळे सामान हलवून मोठी सफाई करावी. मधल्या काळात आठवड्यातून एकदा कोपऱ्यांवरून फडा फिरवला तरी पुरते.

या कामात कुंभारीण माशीची मदत होते. ती चिखलाचे घर बांधते आणि त्यात डंखाने लुळे केलेले कोळी भरून त्यावर अंडे घालते. असे एक घर फोडले की आत गच्च रचलेले लहान कोळी आणि त्यांना खाणारी पिवळसर अळी दिसते. वळचणीला असलेली तिची घरे मी राहू देतो. ती बॉक्स पान्ह्याच्या आणि पाइपच्या भोकातही चिखल भरते, म्हणून अशी तोंडे चिंधीने बंद ठेवावीत.

घरातल्या कोळ्यांचा चावा क्वचितच होतो आणि बहुधा किरकोळ असतो. जागा साबणाने धुऊन त्यावर गार पाण्याची पट्टी ठेवावी, आणि सूज वाढत गेली तर डॉक्टरांना दाखवावे. खरी भीती आहे ती त्याच थप्पीखाली लपणाऱ्या लाल विंचवाची, म्हणून लाकूड हलवताना जाड हातमोजे आणि बूट घालावेत व लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये. विंचू चावला तर घरगुती उपायांत वेळ न घालवता लगेच दवाखाना गाठावा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांवर प्राझोसिन हे औषध वापरून अनेकांचे प्राण वाचवले आहेत, आणि ते जितक्या लवकर मिळेल तितका रुग्णाचा धोका कमी होतो.