शेवेच्या बरण्या आणि खंडोबाचा किडा

गौरी आवाहनाच्या सकाळी पावलं काढून झाली, पिठाचे हात धुवायला आत आले, तर खिडकीतली बरणी आतून हलतेय असं वाटलं. जवळ गेले. तोंडाला बांधलेल्या मलमलीला खंडोबाच्या किड्याची (इंग्रजीत प्रेइंग मँटिस) जी तपकिरी अंड्यांची पुडी चिकटलेली होती, तिच्यातून पिल्लं उतरत होती. एकेक जण बारीक धाग्याला लटकून अंगावरची पहिली पातळ कात सोडत होता आणि पाय फुटल्यासारखा चालायला लागत होता. प्रत्येकाची मान मात्र पहिल्या क्षणापासून वळणारी. मी पिल्लांकडे पाहत होते आणि ती माझ्याकडे.

सासूबाईंना हाक मारली. त्या म्हणाल्या, "आजच यायचं होतं का गं ह्यांना? असू देत. माहेरवाशिणींच्या पावलांनी आलीत."

नंतर मोजली, ८७ होती.

आई यांची आमच्या अंगणातली. आमचं घर इंदूरच्या रामबागेत, जुनं, मागे थोडी जागा, तिथे कढीपत्ता, जास्वंद आणि भिंतभर मधुमालती. नागपंचमीला फुलं काढताना ती वेलीवर दिसली. हिरवीगार, बोटाएवढी, पोट खाली लोंबलेलं. शास्त्रात या गटाचं नाव हिरोड्युला, आमच्या घरात खंडोबाचा किडा. पोट पाहूनच मी तिला शेवेच्या रिकाम्या बरणीत घेतलं. इंदूरच्या घरात या पारदर्शक बरण्यांना कधीच तोटा नसतो.

दोन दिवसांनी रात्री तिने पुडी घातली. उलटी लटकून, पोटाच्या टोकातून फेस सोडत आणि तोच फेस पोटानेच घोटत. अंडी त्या फेसात रांगेने बसतात, फेस वाळला की कडक होतो. तीन तास चाललं होतं ते. मी स्वयंपाकघरातला स्टूल आणून बसले होते.

त्याच्या आदल्या वर्षी एका पुडीवर मी अडीच महिने डोळे लावून बसले होते आणि त्यातून काहीच निघालं नाही. मिलन न झालेली मादीसुद्धा पुडी घालते, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

८७ पिल्लं ठेवायची नसतात. एकत्र ठेवली तर ती एकमेकांना खातात, आणि वेगळी ठेवायची तर तेवढ्यांना रोज खायला कुठून आणणार? मी २० ठेवली, बाकीची संध्याकाळी कढीपत्त्यावर आणि जास्वंदीवर सोडली. जिथली आई, तिथेच पिल्लं. दुसऱ्या गावाहून आणलेली जात मी अंगणात कधीच सोडणार नाही.

आता खरं काम सांगते. खंडोबाचा किडा पाळायचा म्हणजे आधी माश्या पाळायच्या. नव्या पिल्लाला फळांवरची चिलटंच झेपतात. पुडी घातल्यानंतर पंधरा दिवसांतच मी चिलटांच्या बरण्या लावायला घेते. काळं पडलेलं केळं कुस्करायचं, थोडा गूळ, चिमूटभर यीस्ट, वर जाड पोहे, म्हणजे ओलावा शोषला जातो आणि माश्या लगद्यात बुडत नाहीत. बरणी एक दिवस उघडी ठेवली की चिलटं आपणहून येतात. मग कापड बांधायचं. दहा-बारा दिवसांत नवी पिढी उडायला लागते. थंडीत जास्त लागतात. दर रविवारी एक नवी बरणी लावायचीच, एक रविवार चुकला की दोन आठवड्यांनी पिल्लं उपाशी. कोपऱ्यावरचा केळीवाला आता मला पाहिलं की म्हणतो, "दीदी, आज के काले वाले अलग रख दिए हैं." पैसे घेत नाही. त्याच्या मुलाला मी एक मोठी झालेली मादी दाखवायला नेली होती, त्याने तिला बोटावर घेतलं आणि बराच वेळ श्वास रोखून उभा राहिला.

उडणारी चिलटं पिल्लांच्या बरणीत घालायची युक्ती सोपी आहे. चिलटांची बरणी काही मिनिटं फ्रीजमध्ये ठेवायची. ती गारठून तळाशी पडतात, तेवढ्यात हव्या तितक्या झटकून घालायच्या. ऊब लागली की पुन्हा उडतात, आणि हलल्याशिवाय पिल्लू त्यांच्याकडे पाहतसुद्धा नाही.

आणि हो, ज्या खोलीत बरण्या आहेत तिथे डासांची अगरबत्ती किंवा लिक्विड मशीन लावायचं नाही. दिवाळीत पाहुणे होते, कुणीतरी भल्या मनाने मशीन लावलं. सकाळपर्यंत सात पिल्लं गेली. दोष माझा, मी दारावर चिठ्ठी लावायला हवी होती. आता आहे.

पण सगळ्यात जास्त जीव मी कात टाकण्याच्या वेळी गमावलेत. या किड्यांना कोष नसतो, कात टाकत टाकतच ती मोठी होतात, आणि पंख अगदी शेवटच्या कातीला येतात. कात टाकायच्या आधी दोन-तीन दिवस खाणं बंद होतं. मग किडा कापडाला उलटा लटकतो आणि स्वतःच्या वजनाने जुन्या कातडीतून खाली ओघळतो. त्यासाठी बरणी त्याच्या लांबीच्या निदान तिप्पट उंच हवी, आणि वर धरायला खडबडीत काहीतरी. शेवटची कात टाकताना माझी सगळ्यात मोठी मादी अर्धी बाहेर आली होती. मला वाटलं, अडकली. मी कापड सोडवून पाण्याचा फवारा मारायला गेले. ती पडली. पंख वळलेले वाळले, पुढचे पाय मुडपले. लहानपणी पाय मोडला तर पुढच्या कातीत सुधारतो, गेलेला पायही पुन्हा येतो, पण शेवटच्या कातीनंतर पुढची कात नसते. चिमट्याने भरवून मी तिला अकरा दिवस जगवलं. ते अकरा दिवस आठवले की अजून जीव गलबलतो. तेव्हापासून कोणी उलटा लटकला की मी त्या खोलीचा दिवाही लावत नाही. बरणीत उरलेली झुरळं, रातकिडे आधीच काढून ठेवते, कारण मऊ अंगाच्या किड्याला तीच कुरतडतात.

एकदा रात्री सासूबाई घाबरून आल्या, "अगं, ह्याचे डोळे काळे पडलेत, आजारी आहे." आजारी नव्हता. अंधारात दिसावं म्हणून त्यांचे डोळे रात्री गडद होतात, सकाळी पुन्हा हिरवे. यांना छातीच्या खालच्या बाजूला, मधोमध एकच कान असतो, वटवाघळाचा आवाज टिपणारा. १९८६ साली तो शास्त्रज्ञांच्या ध्यानात आला. तोवर या किड्यांना बहिरे समजत. मी हे सांगितल्यावर सासूबाईंनी चष्मा लावून तो कान शोधला.

मध्ये एका ओळखीच्या मुलाने विचारलं, काकू, निळा टॅरँट्युला मिळवून द्याल का? नाही. तो कोळी आंध्रातला, १८९९ मध्ये गुत्तीच्या रेल्वेच्या लाकूड-वखारीत पहिल्यांदा नोंदला गेला. आज जंगलाच्या छोट्याशा तुकड्यात उरलाय, आणि हौशी लोकांसाठी चोरून पकडला जातो. आपल्या हौसेने कुणाचं जंगल रिकामं होता कामा नये. मी त्याला कढीपत्त्यावरच्या अळ्या दिल्या. त्याच्याकडे तीन फुलपाखरं निघाली.

फेब्रुवारीपर्यंत माझ्याकडे चार माद्या आणि तीन नर उरले. पोटाखालचे कप्पे मोजले की कळतं, मादीला सहा दिसतात, नराला आठ. पंख आल्यावर मादीला तीन आठवडे दिले, मिलनाच्या दिवशी तिला दोन मोठी झुरळं भरवली, आणि ती तिसरं खात असताना नराला मागून सोडलं. पोट भरलेलं असलं की नर वाचण्याची शक्यता वाढते, तरी मी तिथून हलले नाही. दोघं संध्याकाळपर्यंत जोडलेली होती. सुटल्यावर नर उडाला आणि मी त्याला पडद्यावरून उचलला. दुसऱ्या जोडीत मला उशीर झाला.

पहिल्या मादीने २ एप्रिलला पुडी घातली. बरणीवर तारीख लिहून ती माठाशेजारी ठेवलीय, कारण पिल्लं मेच्या उन्हात निघणार आणि तिथेच जरा गारवा असतो. केळ्याच्या दोन बरण्या आज लागल्या, तिसरी येत्या रविवारी.