स्क्रीनच्या कोपऱ्यातला आकडा

मी पुण्यात एम्बेडेड सिस्टिम्स, म्हणजे यंत्रांच्या आत बसणारे छोटे कॉम्प्युटर, शिकवतो. सहा महिन्यांचा कोर्स. बाहेरच्यांना वाटतं आम्ही प्रोग्रामिंग शिकवतो. प्रत्यक्षात सुरुवातीचे कितीतरी दिवस भलत्याच गोष्टींत जातात. ब्रेडबोर्डची (सोल्डर न करता सर्किट जोडायच्या पाटीची) पॉवरची पट्टी मधोमध तुटलेली असू शकते हे पटायला वेळ लागतो. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेल्या आयसीवरचं नाव खरं की कुणी घासून पुन्हा छापलेलं, हे ओळखायला त्याहून जास्त. पहिला एलईडी लुकलुकला की पोरं व्हिडिओ काढून घरी पाठवतात. कधीतरीच बंद पडणारी गोष्ट नेमकी कशी पकडायची, हा खरा अभ्यास त्यानंतरचा. तो परीक्षेत येत नाही आणि नोकरीच्या इंटरव्ह्यूलाही कोणी विचारत नाही. तिथं सी भाषेतलं ‘व्होलाटाइल म्हणजे काय’ एवढं विचारतात, पोरं पाठ केलेली व्याख्या म्हणून दाखवतात, आणि दोन्ही बाजू खूश होतात.

प्रोजेक्टच्या अंतिम सादरीकरणाचा दिवस होता. दुपारी एका कंपनीतले साहेब बाहेरचे परीक्षक म्हणून येणार होते. सकाळी लॅब उघडली तर जुन्नरकडची एक मुलगी आणि तिचा साताऱ्याचा पार्टनर दारातच उभे. “सर, कॉन्टॅक्टर सुटला की बोर्ड रिसेट होतोय. दरवेळी नाही, मधूनच.”

‘मधूनच’ हा शब्द आमच्या धंद्यात सगळ्यात महाग पडतो.

त्यांचं यंत्र म्हणजे शेतातल्या पाणबुडी मोटारीचा ऑटो स्टार्टर: कॉन्टॅक्टर नावाचा विजेवर चालणारा मोठा स्विच ओढून-सोडून मोटार आपोआप चालू-बंद करणारा डबा. बाजारात असले डबे मिळतात, त्यामुळे बॅचमधल्या हुशार मुलांनी नाकं मुरडली होती. पण तिच्याकडे कारण होतं. शेतीची थ्री फेज लाइट आठ तास येते, कधी दिवसा, कधी रात्री. जुन्नरच्या उसात बिबटे आहेत. रात्री दोन वाजता लाइट आली म्हणून वडिलांनी विहिरीवर जावं, हे तिला नको होतं. म्हणजे यंत्रानं स्वतःच तिन्ही फेज आहेत का बघायचं, थोडं थांबून मोटार चालू करायची, आणि विहीर आटली तर बंद करायची. पाणबुडी मोटारीला थंडावा पाण्याचाच असतो. कोरडी फिरली की वाइंडिंग जळतं, आणि ऐन उन्हाळ्यात रिवाइंडिंगवाल्याकडे रांग असते.

बोर्ड त्यांनी घरी फेरिक क्लोराइडमध्ये खोदला होता. एटमेगा ३२८पी ही चिप, सोळा बाय दोनचा एलसीडी, मोटारीचा करंट मोजायला सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर). लॅबमध्ये मोटार कुठली आणायची, म्हणून कॉन्टॅक्टरवर साध्या पिवळ्या बल्बची माळ लावलेली. सगळे बल्ब पेटले की विहिरीत पाणी आहे असं समजायचं. एक-एक बल्ब फिरवून काढला की पाणी उतरतंय. ही कल्पना साताऱ्याच्या पोराची, आणि मला ती फार आवडली होती.

आता बिघाड कसा बघा. बल्ब काढले, करंट पडला, यंत्रानं ‘ड्राय रन’ ओळखलं आणि कॉन्टॅक्टर सोडला. इथवर झकास. पण सुटताना ठिणगी पडली आणि बोर्ड रिसेट झाला. रिसेट झालेल्या बोर्डाला आपण मोटार का बंद केली हेच आठवत नाही. त्याला दिसतं एवढंच की तिन्ही फेज हजर आहेत. तीस सेकंद थांबून तो पुन्हा मोटार चालू करतो. विहीर अर्थातच अजून कोरडी. पुन्हा बंद, पुन्हा ठिणगी. म्हणजे जो रिसेट होतोय तो नेमका संरक्षणाचीच आठवण पुसतोय.

आमचे एक ज्येष्ठ सहकारी चहाचा कप घेऊन आले आणि म्हणाले, “कॉइलला उलटा डायोड लाव, चार हजार सात.” हे गृहस्थ पंधरा वर्षं प्रत्येक आजारावर डायोडच देत आले आहेत. डीसी रिलेच्या कॉइलला तो उपाय बरोबर आहे. इथं कॉन्टॅक्टरची कॉइल २३० व्होल्ट एसीची. तिला डायोड आडवा लावला तर निम्म्या सायकलला सरळ शॉर्ट, आणि डायोड फटाक्यासारखा जातो. पोरं त्यांच्याकडे आदरानं बघत होती. मी डायोडची डबी खिशात टाकली.

तोवर मुलीनं आपला तोडगा काढून ठेवला होता. कॉन्टॅक्टर सोडायच्या आधी कारण ईईप्रॉममध्ये, म्हणजे लाइट गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, लिहायचं, आणि बोर्ड उठला की आधी ते वाचायचं. ड्राय रन असेल तर कोणी बटण दाबेपर्यंत मोटार चालू करायची नाही. तिनं चालवून दाखवलं. रिसेट झाला, एलसीडी क्षणभर कोरा पडला, आणि परत ‘ड्राय रन’ उमटलं. काहीच झालं नाही असं.

मी म्हणालो, “अगं, हे दुखणं बरं करणं नाही, लपवणं आहे. रिसेट होतोच आहे की.”

“पण सर, लाइट गेली तरी आठवण जाणारच ना? मग हे करायलाच लागणार होतं.” आणि मग तिनं माझ्याच लेक्चरमधलं काढलं. “अपोलोच्या कॉम्प्युटरनं पण हेच केलं ना?”

दर बॅचला मी ती गोष्ट सांगतो. २० जुलै १९६९, चंद्रावर उतरताना यानाच्या कॉम्प्युटरवर कामाचा बोजा पडला. रडारकडून नको ते सिग्नल येत होते आणि त्यांत वेळ खर्च होत होता. त्याची बदलता येणारी मेमरी अवघी २०४८ शब्दांची. कॉम्प्युटर उतरता उतरता अनेकदा रीस्टार्ट झाला. पण महत्त्वाची कामं कुठवर आली याची नोंद तो ठेवत असल्यामुळे दरवेळी बिनमहत्त्वाची कामं टाकून देऊन तिथूनच पुढे चालू लागला. पुन्हा उठता येणं हासुद्धा डिझाइनचाच भाग, हे ठसवायला मी ती सांगतो. ती गोष्ट अशी माझ्यावरच उलटेल असं वाटलं नव्हतं. आणि ती चूकही बोलत नव्हती.

तरी रिसेट कुठून येतोय हे शोधल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. या चिपमध्ये एमसीयूएसआर नावाचं एक रजिस्टर आहे. चार बिट कामाचे: पॉवर नव्यानं आली, रिसेटच्या पिनवरून कोणी ढोसलं, व्होल्टेज पडलं, की वॉचडॉगनं (प्रोग्राम अडकला तर चिप पुन्हा सुरू करणाऱ्या टायमरनं) उठवलं. चिप स्वतः सांगते तिला कोणी पाडलं ते. डेटाशीटमध्ये हे ठळक लिहिलेलं असतं, आणि बहुतेक पोरं (व्यवसायातले बरेच मोठे लोकही) ते कधी वाचत नाहीत. मुख्य प्रोग्रामच्या पहिल्याच ओळीत वाचायचं, बाजूला ठेवायचं आणि शून्य करायचं. शून्य केलं नाही तर जुने बिट तसेच साचून राहतात आणि पुढच्या वेळी दोन-दोन गुन्हेगार दिसतात.

मी म्हणालो, “हे एलसीडीच्या कोपऱ्यात दाखव.” तिनं त्यात भर घातली: रिसेट किती झाले तो आकडा, आणि शेजारी शेवटच्या कारणाचं अक्षर. पी पॉवरचा, ई बाहेरच्या पिनचा, बी ब्राउनआउटचा (व्होल्टेज पडल्याचा), डब्ल्यू वॉचडॉगचा. साताऱ्याचा पोरगा बल्ब काढत राहिला, कॉन्टॅक्टर खडखडत राहिला. अक्षर येत होतं ते ई. दरवेळी ई.

म्हणजे पॉवर सप्लाय निर्दोष. सगळ्यांचा संशय त्याच्यावरच होता, आणि डायोडवाल्या सरांनी तोवर मोठा कपॅसिटरही आणून ठेवला होता. मी बोर्ड उलटा केला. रिसेटच्या पिनवरून दोन वायरी निघून पॅनेलच्या दारापर्यंत गेलेल्या, तिथं एक लाल बटण. पॅनेल न उघडता रिसेट करता यावं म्हणून. हातभर लांब, कॉन्टॅक्टरच्या वायरींबरोबर एकाच बंडलात टाय मारून बसवलेल्या, दिसायला सुबक. त्या पिनवर बाहेरून रेझिस्टर नाही, फक्त चिपच्या आतला, पिन वर धरून ठेवणारा पुल-अप, तोही ३० ते ६० किलोओहमचा, म्हणजे अगदी नाजूक पकड. शिवाय ही एकच पिन अशी की जिच्यावर १२ व्होल्ट देऊन चिप प्रोग्राम करता येते, म्हणून इतर पिनांवर पॉवरच्या बाजूला जो रक्षक डायोड असतो तो हिच्यावर नसतो. अडीच मायक्रोसेकंद ती खाली ओढली गेली तरी रिसेटला पुरतं. ठिणगीसमोर ती हातभर वायर म्हणजे खासा अँटेना होता.

बटणाच्या वायरी कापल्या. रिसेट थांबले. मी त्यांना तेवढ्यावर सोडलं नाही. वायरी पुन्हा जोडून दोष परत आणायला लावला. गेलेला दोष मुद्दाम परत आणता आला नाही तर तो गेला असं मी मानत नाही. आला. मग पिनपाशीच दहा किलोओहमचा रेझिस्टर आणि शंभर नॅनोफॅरडचा कपॅसिटर डकवला, दारावरचं बटण काढून टाकलं, आणि कॉइलवर ठिणगी शोषणारा आरसी स्नबर बसवला: शंभर ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा, २७५ व्होल्ट एसीचा एक्स-टू कपॅसिटर. लगेच बजावलंही, की शेतातल्या स्टार्टरची कॉइल ४१५ व्होल्टची आहे, तिथं हा २७५ व्होल्टवाला लावशील तर धूर निघेल, तिथं ४४० व्होल्ट एसीचा घे. त्यानंतर तो आकडा हलला नाही.

दुपारी परीक्षक आले. सगळ्यात जास्त वाहवा झाली ती खोलीचं तापमान मोबाइलवर दाखवणाऱ्या ग्रुपची, कारण पडद्यावर ग्राफ सरकत होता. आत तयार मॉड्यूल, तयार लायब्ररी, आणि ग्राफ काढणारी तयार वेबसाइट. पण सरकत होता.

जुन्नरच्या टेबलापाशी साहेब वाकले. यंत्र बिनचूक चाललं. मग त्यांनी एलसीडीच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. “हे काय आहे?”

“रिसेट किती झाले आणि शेवटचा कशानं, ते सर. सगळे सकाळचे आहेत, दुरुस्तीच्या आधीचे.”

“मग शून्य कर ना.”

“केलं असतं सर, पण ते झालेले आहेत.”

साहेब हसले, पण त्यांना ते आवडलं नव्हतं. म्हणाले, आपल्या मालाचा दोष कोणी गिऱ्हाइकाला दर्शनी भागात दाखवतं का? सर्व्हिस मेनूत टाक, पासवर्डच्या मागे. पोरीनं पुन्हा अपोलो काढला. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतोय हे अंतराळवीरांपासून लपवलं नव्हतं, समोर १२०२ असा कोड दिसत होता. साहेब पटकन म्हणाले, “दिसत होता, पण त्याचा अर्थ यानातल्यांना कुठे ठाऊक होता? तो खालच्या लोकांनी सांगितला. तुझ्या विहिरीवर खाली कोण बसलंय?”

उत्तर आलं नाही. सादरीकरणाचे गुण कापले गेले. मी नंतर त्यांच्याशी चहावर वाद घातला. माझं म्हणणं, या मुलांनी दोषाचं मूळ शोधलं आणि त्याची नोंद ठेवली, हे तुमच्या कंपनीत किती जण करतात? ते म्हणाले, करत नाहीत हे मान्य, पण गिऱ्हाईक फोन करतं तेव्हा तुम्ही उचलत नाही. वाद तिथंच राहिला.

तो तिथंच संपला असता तर मी हे लिहिलं नसतं. कोर्स संपल्यावर तिनं ते यंत्र शेतावर बसवलं, ४४० व्होल्टच्या कपॅसिटरसकट. काही दिवसांनी तिचा फोन आला. “सर, आकडा वाढतोय. अक्षर बी आहे.” बी म्हणजे व्होल्टेज पडतंय. कधी? लाइट आल्यावर साधारण अर्ध्या मिनिटात. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. शिवारात सगळ्यांचे ऑटो स्टार्टर लाइट येताच एकदम मोटारी ओढतात, आणि तिचाही त्यातच. व्होल्टेज बसतं, ट्रान्सफॉर्मर कण्हतो, आणि साध्या ट्रान्सफॉर्मरवर चालणारा तिचा सप्लाय मान टाकतो. ऑटो स्विच वापरू नका, मोटारीला कपॅसिटर बसवा, असं महावितरण उगाच सांगत नाही. कोपऱ्यातला आकडा नसता तर हे कळलं नसतं. मोटार बंद चालू होते एवढंच दिसलं असतं आणि सगळ्यांनी लाइटला शिव्या दिल्या असत्या.

मी मनातल्या मनात त्या साहेबांवर मात केली. तोवर ती पुढचं बोलली. तिच्या चुलत्यांनीही तो आकडा वाढताना पाहिला होता. मशीन बिघडत चाललंय असं समजून त्यांनी वायरमनकडून बायपास टाकून घेतला, आणि दोन दिवस मोटार कुठल्याही संरक्षणाशिवाय चालली. जळली नाही हे नशीब.

साहेबांनी जे सांगितलं होतं ते हेच.

आता मी कोणाच्या बाजूचा, हे मला ठरवता येत नाही. पासवर्डमागे लपवला असता तर बी दिसला नसता. उघडा ठेवला म्हणून बायपास पडला. सप्लाय बदलायचं ठरलंय, ८५ ते २६५ व्होल्टवर चालणारं मॉड्यूल. थांबण्याची वेळ ठरीव तीस सेकंद न ठेवता व्होल्टेज सावरून टिकेपर्यंत मोजायची, म्हणजे फेज आहे-नाही एवढं बघून भागणार नाही, व्होल्टेज मोजणारा भाग नव्या बोर्डावर हवा. हे सगळं सोपं आहे. तिचा हट्ट मात्र आकडा ठेवायचाच असा आहे, फक्त अक्षराच्या जागी मराठीत लिहायचं: ‘लाइट कमी’. या एलसीडीत मराठी नाही. स्वतः काढलेली आठच अक्षरं साठवता येतात, प्रत्येक पाच बाय आठ ठिपक्यांचं. ल, काना, इ, ट, क, म आणि शेवटची वेलांटी अशी सात घरं लागतात. दोन घरांमध्ये फट असल्यामुळे शिरोरेखा तुटक दिसते, पण वाचता येतं. आठव्या घरात काय घालायचं यावर तिचं आणि साताऱ्याच्या पोराचं भांडण चालू आहे. मी एवढंच सांगितलंय, की या वेळी चुलत्यांकडून आधी वाचून घे आणि मगच बोर्ड बसव.